एकाच रात्रीच्या दोन गोष्टी

कोल्हापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी प्रेसबिटेरियन मताचा अभ्यास करून तो पंथ पत्करला नव्हता. नगर जिल्ह्यातल्या कुटुंबांनीही काँग्रिगेशनल मंडळ्यांची घटना कधी वाचून पाहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतला होता. नगर, सोलापूर, सातारा, वाई हा टापू अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे. नाशिक, मालेगाव, औरंगाबाद इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे. जालना आणि नागपूर स्कॉटिश मिशनकडे. पणजोबा ज्या तालुक्यात राहत होते त्या तालुक्याचे मिशन तेच आपले मिशन. नगर भागात तर १८७० च्या दशकात एस.पी.जी. ही अँग्लिकन संस्थाही उतरली, आणि एकाच परिसरात, एकाच भावकीत दोन मंडळ्या झाल्या. ‘तुम्ही कोणत्या मिशनचे?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत अजूनही निघतो. उत्तर देणारा माणूस नकळत स्कॉटलंड, इंग्लंड आणि न्यू इंग्लंडमधल्या जुन्या भांडणांचा वारस ठरतो. त्याच्या घरात मात्र ती भांडणे कधी कोणी केलेली नसतात.

हा वारसा मराठी मंडळीने कसा वागवला, कुठे बाजूला ठेवला आणि कुठे पुन्हा उचलून घेतला, हे या पुस्तकात सांगायचे आहे. ऐक्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ठराव, घटना आणि परिषदा यांच्या भाषेत होते. सेवेची चर्चा दवाखाने, बोर्डिंगे आणि अनाथाश्रम यांच्या भाषेत होते. दोन्हींच्या समित्या वेगळ्या, अहवाल वेगळे. माझे म्हणणे असे की आपल्या भूमीत ऐक्य जिथे खरे झाले तिथे ते सेवेच्या कामातून झाले. आणि सेवा जिथे मालकीत बदलली तिथे ऐक्यही कागदावरच उरले. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याभोवती लिहिली आहेत.

योहानाचे शुभवर्तमान उघडून पाहावे. तेराव्या अध्यायात प्रभू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. सतराव्या अध्यायात तो पित्याजवळ मागणे करतो की माझ्यावर विश्वास ठेवणारे सगळे एक व्हावेत, म्हणजे जगाचा विश्वास बसेल. ही एकच रात्र आहे. पाय धुताना ओले झालेले हातच थोड्या वेळाने प्रार्थनेसाठी उचलले जातात. प्रवचनांत मात्र आपण पहिली गोष्ट उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी सांगतो आणि दुसरी ऐक्याच्या सप्ताहात. त्या तेराव्या अध्यायातच जे बसले आहे ते अधिक महत्त्वाचे: पेत्र पाय पुढे करायला तयार नव्हता. दुसऱ्याची सेवा करणे त्याला जमले असते, पण दुसऱ्याकडून, आणि तेही आपल्या गुरूकडून, सेवा करून घेणे त्याला जमेना. त्याला ते शिकावे लागले. देणाऱ्या हाताची नम्रता आणि घेणाऱ्या माणसाची नम्रता या दोन्ही त्या रात्रीच्या शिकवणीत आहेत. आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात दुसरीच अधिक अवघड गेली, असे मला पुन्हा पुन्हा दिसले.

पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र याच नजरेने वाचण्यासारखे आहे. ख्रिस्ताने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, हा उतारा आपण ख्रिस्ताच्या देवत्वाचा सिद्धान्त म्हणून शिकतो. तो सिद्धान्त तिथे आहेच. पण ज्या मंडळीला तो लिहिला त्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांचे एकमेकींशी जमत नव्हते. दोघीही सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर झटलेल्या, म्हणजे काम करणाऱ्याच, बसून खाणाऱ्या नव्हेत. त्यांना एकचित्त व्हायला सांगण्याआधी पौल त्यांच्यासमोर दासाच्या रूपातला प्रभू उभा करतो. मंडळीतले भांडण मिटवायला त्याने घटनेचे कलम काढले नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलायचे तर पंडिता रमाबाईंच्या केडगावपासून सुरुवात करावी लागते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन पद्धतीने झाला. त्यानंतर त्यांच्या धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात एक ताण सतत जाणवतो. ज्या ख्रिस्ताकडे त्या आल्या होत्या त्याचे लोक इतक्या पंथांत विभागलेले कसे, हे कोडे त्यांना इंग्लंडमध्ये पाऊल ठेवताच पडले आणि पुढे आपल्या साक्षीतही त्यांनी ते नमूद केले. ब्राह्मण घरात शास्त्रार्थ ऐकत वाढलेल्या, संस्कृतात वाद करणाऱ्या बाईला मतभेद नवे नव्हते. पण एका गटाच्या आज्ञेत राहायचे म्हणून दुसऱ्या गटाला परके मानायचे, हे त्यांच्या मनाने घेतले नाही. धर्मगुरूंचा आग्रह आणि स्वतःचा विवेक यांत त्यांनी विवेकाला सोडले नाही. त्यासाठी जो त्रास झाला तो त्यांनी सोसला.

याला उत्तर म्हणून त्यांनी पंथमीमांसेचा ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे उत्तर कामात होते. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन परतल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते; त्या उपासमारीतून वाचलेली ती बाई होती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा हेच घडले. केडगावच्या मुक्ती सदनात त्या सुमारास दीड हजारांहून अधिक बायकामुली होत्या. शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना, आंधळ्यांचे शिक्षण, रोजचे दळण आणि जखमांची मलमपट्टी, सगळे तिथे होते. इतक्या माणसांच्या जेवणाचे पाणी विहिरीतून काढताना कोण कोणत्या मिशनचा हे विचारायला कोणाला सवड नव्हती. मेथडिस्ट मिशन सोडून आलेल्या अमेरिकन मिनी एब्राम्स तिथे होत्या. पैसा अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून वेगवेगळ्या पंथांच्या लोकांकडून येई. मुक्ती कुठल्याच पंथाच्या दप्तरात बसले नाही. मराठी मंडळीतला ऐक्याचा पहिला मोठा प्रयोग असा एका बाईने, कोणाची मंजुरी न घेता, दुष्काळाच्या निकडीतून उभा केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो समाजसुधारणेच्या प्रकरणात येतो. मंडळीच्या इतिहासातही त्याला तेवढीच जागा मिळायला हवी, आणि ती या पुस्तकात मी दिली आहे.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अर्धशिक्षित बाईलाही कळावे एवढाच त्यांचा हेतू. मुक्तीतल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, त्याच मुलींनी छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. विद्वान बाईने विद्वानांसाठी लिहिण्याचा मोह सोडून स्वयंपाकघरातल्या बाईसाठी लिहिणे, यात पाय धुण्याचा धडा मला फार स्पष्ट दिसतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळले की सेवेचा आणखी एक प्रकार दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि नंतरचे बहुतेक आयुष्य नगरला अमेरिकन मिशनच्या कामात गेले. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी मराठी गायने लिहिली होती. टिळकांनी त्यांना अभंगाची, ओवीची, भजनाची वाट करून दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. आज ‘उपासना संगीत’ कोणत्याही मराठी मंडळीत उघडा. बिशप मानणारी मंडळी असो की न मानणारी, बालकांचा बाप्तिस्मा करणारी असो की नाकारणारी, गायने तीच असतात. धर्मगुरूंच्या हस्तदीक्षेच्या वैधतेवर वर्षानुवर्षे वाद चालले तेव्हाही रविवारी सगळे टिळकांचेच गात होते. ऐक्याचा हा भाग कोणी ठरवून केला नाही म्हणूनच तो टिकला, असे मी मानतो. गायनाच्या वहीवर कोणाचा ताबा नसतो.

पण टिळकांना एवढ्यावर समाधान नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र राहून सेवा करतील असा बंधुवर्ग. पाश्चात्य पंथांचे कपडे उतरवलेली, भारतीय अंगाची मंडळी त्यांना हवी होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार पुढे फार चालला नाही. कल्पना धाडसी होती आणि तिच्यात धोकेही होते. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होईल ही त्या वेळच्या मिशनऱ्यांची भीती मला निराधार वाटत नाही. तरीही पगारावर पोसलेली मंडळी खरी सेवा करू शकत नाही, हे त्यांचे निदान अचूक होते. ते आपण पुरेसे मनावर घेतले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्याच घराची दुसरी बाजू दिसते. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई एकेक पायरी उतरत सगळ्यांच्या हातचे खायला लागते, पोरक्या मुलांना पोटाशी धरते. टिळकांच्या सिद्धान्ताइतकेच मोठे काम तिथे चुलीपाशी झाले.

मिरजेचे प्रकरण लिहिताना मला सर्वांत आनंद झाला. कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये प्रेसबिटेरियन मिशनतर्फे आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरच्या संस्थानांतून लोक तिथे येऊ लागले. वानलेसांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तिथल्या परिचारिकांबद्दल फार थोडे. त्या काळी परक्या माणसाचा मळ, रक्त, पू हाताने साफ करायचे काम उच्चवर्णीय घरांतल्या बायका करत नसत; ते ओवळे मानले जाई. सुरुवातीच्या भारतीय परिचारिकांत ख्रिस्ती मुली बहुसंख्य होत्या त्याचे कारण हेच. कोणत्या मिशनच्या बोर्डिंगातून मुलगी आली आहे याला वॉर्डात किंमत नव्हती. रात्रपाळीला काँग्रिगेशनल, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेसबिटेरियन घरांतल्या मुली एकाच खाटेभोवती उभ्या राहत. रोगी ब्राह्मण असो, मराठा असो, मुसलमान असो की महार, त्याला उठवून पाणी पाजायचे. या मुलींनी कोणताही ऐक्य करार केला नाही. त्यांच्या मुलानातवंडांच्या लग्नांत मात्र मिशनांच्या सीमा विरघळू लागल्या. मराठी मंडळीतले पंथभेद पुसण्यात रुग्णालयांच्या वसतिगृहांचा वाटा परिषदांपेक्षा मोठा आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

सेवेला एक काळी बाजूही आहे, आणि ती बाजूला ठेवून हे पुस्तक प्रामाणिक झाले नसते. १९१० च्या एडिंबरा परिषदेत दोर्णकलचे पुढे बिशप झालेले व्ही. एस. अझराया उभे राहिले आणि त्यांनी जमलेल्या मिशनऱ्यांना सांगितले की तुमच्या त्यागाबद्दल भारतीय मंडळी पिढ्यानपिढ्या कृतज्ञ राहील, पण आम्हांला प्रेम हवे आहे, मित्र हवे आहेत. सभेत अस्वस्थता पसरली. त्यांचे दुखणे खरे होते. देणारा नेहमी वरच्या पायरीवर आणि घेणारा नेहमी खालच्या पायरीवर राहिला तर ती सेवा उपकार होते. उपकाराने मिंधे लोक तयार होतात, भाऊ तयार होत नाहीत. आपल्याकडच्या मिशन कंपाऊंडात ‘साहेब’ आणि ‘मायबाप’ हे शब्द वापरून एक पूर्ण पिढी वाढली. याच अझरायांच्या पुढाकाराने १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडीला बहुतांशी भारतीय असलेल्या पाळकांची बैठक झाली आणि तिथून दक्षिण भारतातल्या ऐक्याच्या वाटाघाटींना वेग आला. सत्तावीस वर्षांहून अधिक काळ त्या चालल्या आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन आणि बिशप नसलेल्या मंडळ्या जगात प्रथमच अशा एकत्र आल्या होत्या. ज्याने मैत्री मागितली त्यानेच ऐक्याचे काम केले, हा योगायोग नाही.

उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडेही, १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे एक चर्च झाले. त्यामुळे नगर आणि कोल्हापूर पहिल्यांदा एका छपराखाली आले. मोठ्या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि ती पूर्ण व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट असे सहा प्रवाह एकत्र आले. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी त्याच वर्षी माघार घेतली, आणि त्या माघारीची सल कितीतरी घरांत आजही आहे.

नागपूरच्या त्या दिवसाचे प्रकरण मी इतरांपेक्षा लांब केले आहे, कारण त्या दिवशी नम्रता हे मंडळीच्या घटनेचे कलम झाले. अडचण बाप्तिस्म्याची होती: बाप्टिस्ट मानत की स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, इतर मानत की विश्वासी आईबापांच्या बाळालाही तो द्यावा. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती आपल्या मानल्या. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या पद्धतीत देवाची कृपा असू शकते हे मान्य करावे लागले. त्याहून मोठी अडचण पाळकांच्या दीक्षेची. बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्यांची सेवा पूर्ण आहे का, हा अँग्लिकनांचा प्रश्न. आमची दीक्षा अपुरी आहे असे कोणी म्हटलेच कसे, हा इतरांचा प्रश्न. दक्षिणेत १९४७ मध्ये हा प्रश्न तसाच पुढे नेऊन काळावर सोपवला होता. उत्तरेत दुसरा मार्ग निघाला. सगळ्या प्रवाहांचे सेवक एकत्र आले, एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि प्रत्येकाला जे काही कमी आहे ते देवाने द्यावे अशी प्रार्थना केली. कोणाला काय कमी होते हे लिहिलेच नाही. ते मुद्दाम देवावर सोपवले. या संदिग्धतेवर टीका झाली: काहींना ती पुन्हा दीक्षा वाटली, काहींना ती अपुरी वाटली. मला ती त्या काळच्या मंडळीने केलेली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ज्या बिशपांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवले होते ते त्या दिवशी डोके वाकवून उभे राहिले, आणि त्यांच्या डोक्यावर ज्यांचे हात आले त्यांत बिशपांना कधीच न मानणाऱ्या परंपरांचे पाळकही होते. पेत्राला जे जड गेले ते त्यांनी केले. मला काहीतरी कमी आहे आणि ते तुझ्या हातून मिळेल, असे म्हणायला त्यांना एक्केचाळीस वर्षे लागली, पण ते म्हणाले.

त्याच १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी पाहिले होते की तेच आजार, तीच माणसे पुन्हा पुन्हा खाटेवर येतात. म्हणून जामखेडला त्यांनी औषधाबरोबर पाणी, शेती, अन्न आणि जात हे सगळेच आरोग्याचे प्रश्न मानले. गावोगावी निवडलेल्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांत पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर. प्रशिक्षणाला सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. हातपंप दलित वस्तीत बसवायचा, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तिथे जावे लागेल, हे त्यांनी विचार करून ठरवले. डॉक्टरांचे ज्ञान आपल्याजवळ बंद न ठेवता निरक्षर बाईच्या हातात द्यायचे, आणि मग बाळंतपणाबाबत, अतिसाराबाबत त्याच बाईकडून शिकायचे, हा त्यांचा परिपाठ झाला. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले.

नागपूर आणि जामखेड यांचे एकाच वर्षी घडणे हा कॅलेंडरचा योग आहे, एवढेच म्हणता येईल. पण पन्नास वर्षांनंतर दोन्हींकडे पाहताना माझ्या मनात एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. जामखेडच्या हातपंपाने ज्या भिंतीला धक्का दिला ती भिंत आपल्या मंडळीतच उभी आहे. महार समाजातून आलेली घरे आणि मांग समाजातून आलेली घरे एकाच बाकावर बसतात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात, आणि सोयरिकीच्या वेळी अलग होतात. पंचांच्या निवडणुकीत मते याच रेषांवर पडतात हे प्रत्येकाला माहीत असते आणि कोणी बोलत नाही. पंथांचे ऐक्य करायला आपण पाळकांच्या दीक्षेवर चाळीस वर्षे चर्चा केली. जातीच्या प्रश्नावर तितक्या गंभीरपणे एकही वाटाघाट झाली नाही. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने ते प्रभूचे भोजनच नव्हे असे सांगितले होते. तोच निकष आपल्यालाही लागू आहे.

दुसरे दुखणे मालमत्तेचे. मिशनरी गेले आणि जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने आपल्या हाती आले. त्यानंतरच्या काळात ज्या मंडळ्यांचा शेजाऱ्यांच्या सेवेशी संबंध सुटला त्यांच्या बैठकांत जमिनीशिवाय दुसरा विषय उरला नाही. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळींची मालमत्ता ऐक्यानंतर कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये त्याचा निकाल लागला. नागपूरला एकत्र आलेल्या मंडळीच्या विरोधात तो गेला. महाराष्ट्रातही न्यायालयांच्या पायऱ्या आपल्या पंचांना पाठ झाल्या आहेत. कायद्याने कोण बरोबर हे सांगणे माझ्या आवाक्याबाहेर आहे. मला एवढे दिसते की ज्या ठिकाणी दवाखाना चालू आहे, शाळेत गावची मुले शिकत आहेत, कुष्ठरोग्यांची सेवा होते आहे, तिथे वाद कमी आहेत. आणि जिथे वॉर्ड रिकामे पडले तिथे सातबाऱ्यावरून भाऊ भावाचा शत्रू झाला. गंगाळ रिकामे झाले की ते कोणाच्या मालकीचे यावर भांडण सुरू होते.

कॅथोलिक बंधूंबद्दल एक छोटे प्रकरण आहे. ते मुद्दाम छोटे ठेवले, कारण वसई आणि गोव्याच्या मंडळीचा इतिहास लिहिण्याचा अधिकार त्यांच्याच लेखकांचा. तरी दोन गोष्टींना जागा द्यावीशी वाटली. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यावरचा आदेश काढला आणि इतर ख्रिस्ती लोकांना ‘विभक्त बंधू’ म्हणून जवळ केले. त्या बदलानंतर वाढलेल्या पिढीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी, पाण्यासाठी, गुंडगिरीविरुद्ध ते रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यासोबत हिंदू, मुसलमान, प्रॉटेस्टंट सगळे होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा मराठीतले प्रॉटेस्टंट लेखकही पोरके झाले. केडगावच्या बायबलपासून वसईच्या बायबलपर्यंतचा प्रवास ‘ग्रंथ’ या शेवटच्या प्रकरणात आला आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. प्रकरणे काळाच्या क्रमाने नाहीत, कामाच्या क्रमाने आहेत: अन्न, गाणे, औषध, दीक्षा, पाणी, जमीन, ग्रंथ. घाईत असलेल्या वाचकाने ‘औषध’ आणि ‘जमीन’ ही दोन आधी वाचावीत. मंडळ्यांच्या पंचांसाठी शेवटी एक पुरवणी जोडली आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह पाळला जातो. आपल्याकडे त्यात एखादी संयुक्त उपासना आणि चहापाणी होते. पुरवणीत मी सुचवले आहे की त्या आठ दिवसांत गावातल्या सगळ्या पंथांच्या मंडळ्यांनी मिळून सरकारी रुग्णालयाच्या एका वॉर्डाची रात्रपाळी घ्यावी: रोग्यांच्या नातलगांना जेवण, एकट्या रोग्याजवळ बसणे, रक्तदान, निघताना वॉर्डाची झाडलोट. वडीलमंडळाचे सभासद आणि पाळक यांनी झाडलोटीच्या कामात प्रथम असावे. कोणत्या दिवशी कोणती मंडळी हे वाटून घेऊ नये. प्रत्येक रात्री सगळ्यांतले थोडे थोडे असावेत. खर्च किती येतो, रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांची परवानगी कशी काढावी, कोणत्या गोष्टी टाळाव्यात, प्रचाराचा आभासही येऊ नये म्हणून काय पाळावे, हे तिथे तपशिलाने दिले आहे.

जुन्या मिशन रुग्णालयांत काम केलेल्या परिचारिकांच्या आठवणी या पुस्तकासाठी मला फार थोड्या मिळाल्या. त्या परिचारिकांपैकी बहुतेक जणी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या रोजनिशा, पत्रे, गणवेशातले फोटो, बोर्डिंगच्या हजेरीवह्या, मंडळीची जुनी बाप्तिस्मा रजिस्टरे ज्यांच्या घरी असतील त्यांनी प्रकाशकांकडे कळवावे. मूळ कागद मागणार नाही. नक्कल करून परत देऊ. दुसऱ्या आवृत्तीत मिरजेचे प्रकरण त्या बायकांच्या शब्दांत पुन्हा लिहायचे आहे.